उत्तर शून्य आलं तर

४ मार्च, मंगळवार

टिल्लू,

अक्षर ओळखलं असशील आणि पाकीट फाडायच्या बेतात असशील. फाड, पण आधी हे एक वाक्य वाच: आईला त्या ॲपवरून निरोप पाठवू नकोस. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी नाही, मी सांगेपर्यंत अजिबात नाही.

आता फाडलंस तरी माझं काम झालं. नसलंस फाडलं तर पुढे वाच.

हे पत्र मी वकीलबाईंच्या हातात देणार आहे. तू कुठे राहतेस ते त्या मला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. माझ्यावर तुझा राग आहे, तो आहे तिथेच राहू दे. मी तो घालवायला लिहीत नाहीये. मला भीती वाटतेय म्हणून लिहितेय. गुरुवारपासून मला जेवण जात नाही. तू म्हणशील बरंच झालं, थोडी बारीक होईल.

आई शेजारणीला सांगायची आठवतं का, "मोठी लायब्ररीत असते," आणि मग ती बाई माझ्याकडे जुनी मासिकं मागायची? आमची लायब्ररी पुस्तकांची नाही हे आईच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. आम्ही तयार कुलूप बनवतो. ॲप बनवणारे लोक ते उचलतात आणि आपापल्या ॲपमध्ये बसवतात, म्हणजे दोघांचं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. तुझ्या आणि आईच्या फोनमधलं कुलूपही आमचंच. तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हा वकीलबाईंमार्फत हेच ॲप घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. "आमचंच आहे, डोळे मिटून वापरा," असं म्हणाले होते. काय तोरा होता माझा!

त्या कुलपात भोक आहे.

सोपं करून सांगते. दोन फोन बोलायला लागण्याआधी एकमेकांना एकेक आकडा पाठवतात. समोरून आलेल्या आकड्याला प्रत्येक फोन आपल्या मनातल्या गुप्त आकड्याने गुणतो, आणि दोघांकडे एकच उत्तर येतं. ती त्यांची किल्ली. गणित खरं तर याहून बरंच वेगळं आहे, कामावरच्या आमच्या मास्तरांनी हे वाचलं तर माझा कान धरतील. आता समज, वाटेत कुणी बसलाय आणि तो दोन्हीकडे खऱ्या आकड्याऐवजी शून्य पुढे ढकलतोय. कशालाही शून्याने गुणा, शून्यच. म्हणजे किल्ली शून्य, आणि ती वाटेतल्यालाही ठाऊक. म्हणून नियमावलीत ठळक अक्षरांत लिहिलंय की उत्तर शून्य आलं तर बोलणं तिथल्या तिथे थांबवलंच पाहिजे. थांबवलं तर बरं, असं नाही. थांबवलंच पाहिजे.

आमची लायब्ररी थांबत नाही. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी ती तपासणी बंद करून ठेवली आणि शेजारी "तात्पुरती" असं लिहिलं. दूरच्या कुठल्याशा कॉलेजातली एक विद्यार्थिनी सगळ्या लायब्रऱ्यांना मुद्दाम वाईटसाईट आकडे खिलवून बघत होती. बाकीच्यांनी ते थुंकले, आमच्या लायब्ररीबाईंनी गिळले, आणि तिने गुरुवारी आम्हाला तसं कळवलं.

आमच्या धंद्यात असं काही सापडलं की दुरुस्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर घरमालकाआधी चोर पोचतो. आमची तारीख वीस. मी तुला आजच सांगतेय. आयुष्यात पहिल्यांदा कामाचा नियम मोडतेय, तेवढा तरी मान ठेव.

ताई

९ मार्च, रविवार

टिल्लू,

वकीलबाई कोर्टाच्या कामाला परगावी गेल्या होत्या. माझं पत्र त्यांच्या टेबलावर चार दिवस पडून होतं, आणि मी इथे समजत होते की तुला ते मिळालं. हे मला आज दुपारी कळलं, कारण आज दुपारी तुझा निरोप आला.

मी आईकडेच होते. ती खिडकीपाशी खुर्ची ओढून, चष्मा लावून, फोन मांडीवर घेऊन बसली होती. रविवारी बारा वाजता ती अशीच बसते. मी मनात म्हणत होते, नको येऊ दे, नको येऊ दे. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "मी बरी आहे आई. खोकला गेला." आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

मग तिने आणखी कशावर तरी बोट दाबलं. मी म्हटलं, काय दाबलंस? म्हणाली, "काही नाही गं, ते येतं मधूनमधून. 'संभाषण नव्याने सुरू झालं आहे, समोरची व्यक्ती तपासून घ्या.' मी ठीक आहे म्हणते, मग जातं."

"किती वेळा आलंय?"

"मी काय मोजत बसते?"

मी मोजलं. ऑक्टोबरपासून अठरा वेळा. फोन बदलला तर ते एकदा यावं. अठरा वेळा आलंय, म्हणजे कुणीतरी पुन्हापुन्हा वाट तोडतंय आणि जोडतंय. टिल्लू, मी तिथेच जमिनीवर बसले. आईला वाटलं, साखर कमी झाली. तिने मला गूळ खायला लावला.

मग मी इंटरनेटचा डबा बघितला. कपाटावर, देवाच्या फोटोमागे. पूर्वीचा पांढरा होता, हा काळा. आई म्हणाली, "जावईबापूंनी बदलून दिला दिवाळीच्या आधी... नाही, पाडव्या... जाऊ दे, थंडी पडायच्या आधी. किती करतो बिचारा. तू टिल्लूला काही बोलू नकोस हं, ती चिडेल."

तो अजून आईकडे येतो हे मला ठाऊक नव्हतं. खरं लिहू? ठाऊक होतं. डब्याचं ठाऊक नव्हतं.

मला तो डबा तिथल्या तिथे उपटून आपटावासा वाटला. पण उपटला तर त्याला कळेल की आम्हाला कळलं, आणि मग तो काय करेल? म्हणून हात मागे घेतला आणि चहा पिऊन घरी आले. आता बसून विचार करतेय की तो खोकल्याचा निरोप तरी तुझाच होता का.

कामावर मास्तर दुरुस्ती लिहितायत. सायकलच्या दुकानावरच्या आमच्या त्याच दोन खोल्या, तोच डुगडुगणारा पंखा. दोन ओळींचं काम आहे, पण ते घाई करू देत नाहीत. किल्लीच्या आकड्याचे बत्तीसच्या बत्तीस खाने बघायचे, शून्य नसलेला पहिला दिसला की लगेच थांबायचं नाही, कारण किती वेळ लागला यावरूनही बाहेरच्याला सुगावा लागतो. मधेच हात थांबवून म्हणतात, "ही तपासणी बंद करायला मी होकार दिलाय असं नोंदीत दिसतंय. मला काही म्हणजे काही आठवत नाही गं. वय झालं माझं." मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

ताई

११ मार्च, मंगळवार

टिल्लू,

वकीलबाईंनी काल पहिली दोन्ही पत्रं एकदम पोचवली असं म्हणाल्या. आता हे तिसरं.

"कुणीतरी" असं मी लिहिलं होतं. ते कुणीतरी मी आहे.

पाच वर्षांपूर्वी तुझा नवरा आमच्या ऑफिसात आला होता. त्याच्या कंपनीने जुनी यंत्रं गिऱ्हाइकांकडे बसवली होती, ती बिघडलेली होती आणि पहिल्याच बोलण्यात शून्य पाठवायची. आमची लायब्ररी नियमाने त्यांचं बोलणं तोडायची. खापर त्याच्यावर फुटणार होतं. "ताई, तेवढं तात्पुरतं बघा ना. नोकरी जाईल माझी. टिल्लूला सांगू नका, ती उगाच काळजी करेल." तुझ्यासाठी म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तो हात जोडून उभा होता आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आमच्याकडे एक नियम आहे: आपण लिहिलेली ओळ आपणच पास करायची नाही, दुसऱ्याच्या डोळ्याखालून गेलीच पाहिजे. मास्तर तेव्हा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. अडीनडीला असू दे म्हणून पासवर्ड माझ्याकडे ठेवून गेले होते. मी बदल माझ्या नावाने लिहिला आणि त्यांच्या नावाने पास केला. म्हणजे मी नियम पहिल्यांदा मोडतेय असं तुला लिहिलं तेही खोटंच.

जगात माझ्याखेरीज हे भोक ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो आता तुला शोधत फिरतोय. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ना, त्या मी नेऊन दिल्या, वर चहाही पाजला.

आज सकाळी मास्तरांना सांगितलं. त्यांनी उठून पंखा बंद केला. खालून कुणी सायकलच्या चाकात हवा भरत होतं त्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "पाच वर्षांपूर्वीचं सोड. पण हे इतके दिवस तू माझ्यासमोर बसून मला म्हातारा ठरवत होतीस." मी माफी मागितली. ते म्हणाले, आधी काम.

हे सगळं लिहून पत्र बंद करणार होते, तेवढ्यात वकीलबाईंचा फोन आला. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "आता सावध करून काय उपयोग? पत्ता तर आईने तीन आठवड्यांपूर्वीच मागून घेतला. औषध पाठवायचंय म्हणाली. मी दिला."

मी तशीच उठून आईकडे गेले. तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं हातातच राहिलं. "मी? मी कशाला मागू? तूच मला दम दिला होतास ना, पत्ता विचारायचा नाही म्हणून. मी एकदाही विचारलेला नाही. माझी शपथ."

तिचा फोन वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात औषध नाही, पत्ता नाही, काही नाही. तुझ्या फोनात आई बोलली आणि आईच्या फोनात आई बोललीच नाही.

तो नुसता वाचत नव्हता गं. तो आई होऊन तुझ्याशी बोलत होता.

वकीलबाई तुला फोन लावतायत, लागत नाही. तिथून निघ. हे वाचत असशील तर वाचून पुरं करू नकोस, निघ.

ताई

१३ मार्च, गुरुवार

टिल्लू,

हे पत्र कुणाच्या हाती पडणार मला माहीत नाही. वकीलबाईही म्हणतात, लिहून ठेवा, बघू.

तुझा फोन परवापासून बंद आहे. वकीलबाई आज स्वतः तुझ्या खोलीवर जाऊन आल्या. कपाट रिकामं, गॅसचा कॉक बंद, दोरीवर एक टॉवेल. घरमालकीण म्हणाली, "काल सकाळी एक गृहस्थ आले होते. सासूबाईंनी औषध पाठवलंय म्हणाले. फार सभ्य हो, चपलासुद्धा बाहेर काढल्या." तो आला तेव्हा तू होतीस की आधीच गेली होतीस? तिला सांगता येत नाही. ती तेव्हा पाणी भरत होती.

चपला बाहेर काढल्या, हे ऐकून मी वकीलबाईंच्या ऑफिसात मोठ्याने रडले. मला ती सवय ठाऊक आहे. माझ्याकडेही तो तशाच काढायचा, आणि मी आईला म्हणायचे, बघ किती वळण आहे.

काल संध्याकाळी मी डबा काढून आणला. आता लपवून काय उरलंय? मास्तरांनी तो उघडला. आत बोटाएवढं जास्तीचं काहीतरी बसवलेलं होतं, आणि त्यात सगळी नोंद होती, कारण तोही आमच्यासारखाच, नोंद ठेवल्याशिवाय राहवत नाही. कितीदा शून्य पाठवलं, काय वाचलं, काय लिहिलं. आईच्या नावाने त्याने तुला अकरा निरोप लिहिलेत. मी ते सगळे वाचले. "जेवलीस का." "अंगावर घेऊन झोप." एकात लिहिलंय, "ताईला माफ कर, ती मनाने वाईट नाही." तो वाचून मला ओकारी आली. मास्तरांनी पाणी दिलं आणि खिडकी उघडली.

डबा पोलिसांकडे दिला. तिथला माणूस म्हणाला, "म्हणजे नक्की काय चोरलं?" मास्तरांनी त्याला शून्याचा गुणाकार कागदावर करून दाखवला. शाळेत शिकवायचे तसं, न चिडता, तीनदा. चौथ्यांदा तो माणूस उठून साहेबांना बोलवायला गेला.

आणि आज अकरा वाजता तुझ्या नवऱ्याचा मला फोन. "ताई, आईंचं इंटरनेट बंद आहे का? कालपासून दिसत नाही." आईचं इंटरनेट तुला घरबसल्या दिसतं कसं रे मेल्या? पण तोंडाने म्हटलं, "हो, वीज जातेय सारखी." मग तो हळूच म्हणाला, "टिल्लूची काही खबर?"

तेव्हापासून त्या वाक्याला धरून बसलेय. विचारतोय म्हणजे तू त्याच्याकडे नाहीस. की आहेस, आणि मला कितपत कळलंय ते बघतोय? आधी असं वाटतं, मग तसं वाटतं.

तू बॅग घेऊन माझ्याकडे आलीस त्या दिवशी तू दंडावरचे वळ दाखवलेस आणि मी म्हटलं, दोघांचंही काहीतरी चुकत असेल. गाडीत घालून मीच तुला परत सोडलं. दारात तो उभा होता, त्याने तुझी बॅग घेतली आणि मला "थँक्यू ताई" म्हणाला. तू गाडीतून उतरताना माझ्याकडे बघितलं नाहीस. मी ते इतके दिवस लिहिलं नव्हतं. तू कुठे असशील तिथे जिवंत अस, मला बाकी काही नको.

ताई

२१ मार्च, शुक्रवार

टिल्लू,

वकीलबाईंनी तुझी चिठ्ठी दिली. चार ओळी. त्यांच्या पायरीवरच बसून वाचली.

"ताई, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला वाटलं, ही त्यानेच तुझ्याकडून लिहून घेतलीत, मला आईपासून तोडायला. तू त्याचं ऐकतेसच. म्हणून तुला जी जागा कळायची शक्यता होती ती दुसऱ्याच दिवशी सोडली. मी बरी आहे."

मी हिशेब केला. तू मंगळवारी दुपारी निघालीस आणि तो बुधवारी सकाळी आला. तिसरं पत्र तर तुझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "निघ" असं मी ज्यात ओरडले ते तू वाचलंच नाहीस. माझ्यावर विश्वास ठेवला असतास तर आणखी चार दिवस तिथेच थांबून ताईच्या पुढच्या पत्राची वाट बघितली असतीस. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून तू वाचलीस. यावर मी रडू की देवाला नारळ फोडू, सांग.

आईला चिठ्ठी वाचून दाखवली. शेवटची ओळ तीनदा वाचायला लावली. मधल्या ओळी मी गाळल्या. तुला खोटं वाटेल, पण ती म्हणाली, "मधे काहीतरी लिहिलंय ना? वाच." मग वाचल्या. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. जावईबापू हा शब्द त्या दिवसापासून तिच्या तोंडात आलेला नाही.

काल दुरुस्ती बाहेर गेली. सकाळी दहाला मास्तरांनी बटण दाबलं. सोबतचं निवेदन मी लिहिलं: तपासणी कुणी बंद केली, कुणाच्या सांगण्यावरून, आणि दुसऱ्याच्या नावाने कशी पास केली. मास्तर म्हणाले, माझं नाव वगळलंस तरी चालेल. मी वगळलं नाही, पण त्यांनी काही केलं नव्हतं हे पहिल्या ओळीतच घातलं. दुपारपर्यंत लोकांनी मला जे काही म्हणायचं ते म्हटलं. एकाने लिहिलं की अशा बाईच्या हातात पोस्टाची पेटीसुद्धा देऊ नये. पटलं मला. माझ्याकडच्या सगळ्या किल्ल्या मी मास्तरांना देऊन टाकल्या. ते म्हणाले, सोमवारी ये, तुला तपासणी लिहायला देतो, पास मी करीन. ते नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत अजून, पण बोलले.

त्याला पोलिसांनी बोलावलं होतं. चार तास बसवलं आणि सोडलं. पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे. म्हणजे तो बाहेर आहे, आणि मी अजून घाबरलेली आहे. दारावर कुणाची थाप पडली की आधी फटीतून बाहेर चपला बघते.

तू कुठे आहेस हे मला कळवू नकोस. वकीलबाईंकडेही माझ्यासाठी काही ठेवू नकोस. तो गोड बोलला की मी विरघळते हे पाच वर्षांपूर्वी एकदा सिद्ध झालं आणि तुझ्या बॅगेच्या दिवशी दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा होणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि तुझ्या जिवावर मला ते अजमावून बघायचं नाही.

आणि मी विचारेन गं. मला माहीत आहे मी विचारेन. आईला बरं नसेल, किंवा नुसतीच एखाद्या दुपारी तुझी आठवण येऊन राहवणार नाही, आणि मी हेच अक्षर काढून, रडत, शपथा घालत तुझा पत्ता मागेन. ते पत्र खरोखर माझंच असेल.

तरी देऊ नकोस.

ताई